मधले टाके

बायकोच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले होते तेव्हा भटजी म्हणाले, शय्यादान करून टाका. मेलेल्या माणसाच्या नावानं खाट, गादी, उशी, पांघरूण द्यायचं असतं. ते तेराव्यालाच होऊन जातं. पण तेव्हा मी कोणाचं ऐकण्यात नव्हतो, जेवणात नव्हतो, कशातच नव्हतो. राहून गेलं.

मी गादीवाला. आदिलाबादच्या कापूस बाजारामागच्या गल्लीत चाळीस वर्षं गाद्या भरल्या. कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणाच्या घरचं माणूस गेलं, हे मला लवकर कळायचं, कारण दोन्हीला गादी लागते. मापात काही फरक नसतो. लग्नाच्या गादीसाठी लोक चार वेळा येऊन रुई दाबून पाहतात. मेल्याच्या गादीला कोणी हात लावत नाही, उचलतात आणि जातात. मी दोन्ही सारख्याच भरल्या.

तर हिची गादी मीच भरणार होतो. हात थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही, तरी मीच भरणार.

पोरीचा फोन आला.

"बाबा, कायले त्रास घेता? मी फॅक्टरीतून एक पाठवून देते. चांगली, तीन थराची."

"तुही माय कधी फोमवर झोपली काय?"

"तुमच्यानं खाली बसनं व्हत नाई."

"बसनं व्हते. उठनं व्हत नाई."

ती हसली नाही. म्हणाली, "मंग मी येते दुसरा काठ धरायले."

माझ्या पोरीला आज या भागात बरेच लोक ओळखतात. तिची फॅक्टरी गावाबाहेरच्या रस्त्यावर आहे. व्यायामशाळेत, शाळेत, कुस्तीच्या हॉलमध्ये पडायला ज्या जाड गाद्या लागतात त्या तिथं बनतात आणि ट्रकनं लांब लांब जातात. साठ-सत्तर बाया-माणसं कामाला आहेत. पण त्याआधी ती जिम्नॅस्ट होती. शाळांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत तिनं सोन्याचं पदक आणलं होतं. आमच्या घराण्यात तोवर कोणी झाडावरही नीट चढलं नव्हतं.

तिला उड्या मारायला कोणी शिकवलं नाही. दुकानात गाद्यांची थप्पी असायची. चार वर्षांची असताना थप्पीवर चढायची आणि पिंजलेल्या रुईच्या ढिगात पडायची. नाकात, कानात रुई. मी ओरडायचो, हिची माय हसायची. शाळेत गेल्यावर पी.टी. सरांनी तिला एकदा मैदानात पाहिलं आणि दुकानात येऊन उभे राहिले. सर तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायचे. म्हणाले, "ये लडकी मुझे दे दो." मी म्हटलं, "ले जाओ, मेरी रुई बचेगी."

सकाळी पाचला शाळेत, संध्याकाळी पुन्हा शाळेत. माय सोबत जायची, व्हरांड्यात बसून उशांच्या खोळी शिवायची. जिल्ह्यात पहिली आली, राज्यात पहिली आली, मग ते सोनं. त्या दिवशी बाजारातल्या हमालांनी तिला कापसाच्या गाडीवर बसवून फिरवलं. पोरगी लाजून कापसात घुसली होती, नुसती वेणी दिसत होती.

त्यानंतर मोठ्या कॅम्पची निवड होती. त्यात घेतलं असतं तर देशाबाहेर गेली असती. घोड्यावरून उडी मारायची, म्हणजे लाकडी खोडावर हात टेकून हवेत फिरायचं आणि पायावर उतरायचं. सर म्हणाले, उतरायला चांगली गादी नाही, शाळेची फाटली आहे. मी म्हटलं, चिंता नको, गादीवाल्याची पोरगी आहे.

अशी गादी मी आयुष्यात भरली नव्हती. दुप्पट लांब, तिप्पट जाड. पहिल्या वेचणीचा कापूस, दोनदा पिंजलेला. हात घातला तर कोपरापर्यंत आत जायचा. माझं काम रुई पसरवायचं आणि काठीनं झोडायचं, टाके घालायचं काम बायकोचं. दाभणानं वरून खाली, खालून वर, वीत-वीतभर अंतरावर, आणि प्रत्येक टाक्याला गाठ. त्या टाक्यांनीच रुई जागच्या जागी राहते. तिनं काठाचे टाके घातले, दुसरी रांग घातली, आणि मी म्हटलं, बस, मधले राहू दे.

"अवो, मधले टाके राह्यले तं रुई सरकते."

"गाठी पोरीच्या पायाले लागतील. मधातच तं उतरते ते."

"लागत नाईत गाठी. गाठीवर दोन थर हायेत."

"चाळीस गावच्या गाद्या मी भरून राह्यलो का तू?"

तिनं दाभण गुंडाळून ठेवलं. माझ्यापुढं ती जास्त बोलायची नाही. बोलली असती तरी मी ऐकलं नसतं.

सव्वा महिना गेला. रोज शंभर उड्या त्याच जागी. वरून खोळ फुगलेली, गादी भरल्यासारखीच दिसायची. मी दोनदा जाऊन पाहूनही आलो, वरूनच. एक दिवस दुपारी शाळेचा शिपाई सायकलवर आला. पोरगी पडली.

गुडघा. आतला जो दोर असतो तो तुटला, असं डॉक्टर म्हणाले. नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं. चालेल म्हणाले. उडीचं आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी गावातल्या दवाखान्यात पी.टी. सर बाकावर डोकं धरून बसले होते. म्हणाले, "जल्दबाजी की बच्ची ने. पैर गलत पडा." पोरगी खाटेवरून म्हणाली, "हां सर, मेरा ही पैर गलत पडा." पंधरा वर्षांची होती. रडत नव्हती. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, माझं चुकलं, माझं चुकलं.

ज्या दिवशी पडली त्या दिवशीच संध्याकाळी बायको तिची पिशवी आणायला शाळेत गेली होती. यायला फार उशीर झाला. आली तेव्हा केसात रुई होती. पिशवी खाली ठेवून म्हणाली,

"मी गादीच्या मधात हात दाबला. खाली फरशी लागली."

मी तिच्या केसातल्या रुईकडं पाहत होतो.

"सगळी रुई काठाले गेली. मधात नुसती खोळ. ते पोरगी फरशीवर उतरली."

"तू काय केलं?"

"झोडून रुई मधात आनली. टाके घातले. तीन रांगा. उद्या दुसऱ्या कोनाची पोट्टी त्याच्यावर उडी घेईन."

दोरा तिच्याजवळ उशीच्या खोळीचाच होता, निळा. पांढऱ्या गादीवर निळे टाके. कोणी विचारलं नाही. गादीच्या टाक्याकडं कोण पाहतं?

मग ती म्हणाली, पोरीला सांगा. तिला वाटतं तिचं पाऊल चुकलं. तिचं काही चुकलं नाही.

मी तिचे दोन्ही हात धरले. हे मी आज लिहितो आहे, पण एक वर्षापूर्वीपर्यंत हे मी मनातसुद्धा म्हणायचो नाही. मी म्हटलं, सांगू नको. पोरगी मला पुन्हा बाबा म्हणणार नाही. ती म्हणाली, म्हणेल. मी म्हटलं, नाही म्हणणार. आणि मी तिला पोरीची शपथ घातली. तुला पोरीची शपथ आहे, तोंडातून काढलं तर.

आमच्यात शपथ घालणं म्हणजे खेळ नाही. मोडली तर ज्याची शपथ घातली त्यालाच ती बाधते. आणि ज्यानं घातली त्यानं "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. पोरीचा एक पाय आधीच गेलेला. माय काय तोंड उघडणार होती?

पोरगी वर्षभर घरात होती. मायनं तिच्या गुडघ्याला तेल चोळलं, तिला पुन्हा चालायला लावलं. पोरगी म्हणायची, घाई केली मी. माय म्हणायची, "व्हते असं कधी कधी." एवढंच. त्यापुढं ती जाऊ शकत नव्हती. मी दुकानात असायचो.

कॉलेज झालं. एके दिवशी ती हैदराबादेहून फोमचे तुकडे पोत्यात भरून घेऊन आली. माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून थरावर थर चिकटवायची. खाली कडक, मधात मऊ, वर पुन्हा कडक. नुसतं मऊ नाही चालत, बाबा, म्हणाली, आधी झेलायला पाहिजे, मग थांबवायला पाहिजे. मी मान हलवली. माझ्या धंद्याचं सगळं शिक्षण तिनं त्या एका वाक्यात सांगितलं आणि मी रुई झोडत राहिलो.

नमुन्याची गादी ऑटोवर बांधून शाळाशाळांत जायची. हेडमास्तर म्हणायचे, नको, आमच्याकडं सतरंज्या आहेत. मग ती टेबलावर चढायची, अंगात पंजाबी ड्रेस, गुडघ्याला पट्टा, आणि त्यांच्यासमोर गादीवर उडी घ्यायची. नार्नूरच्या आश्रमशाळेत मी सोबत होतो. तिनं उडी घेतली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती उभी होती आणि हेडमास्तर चहा सांगत होते. बेल्लमपल्लीच्या एका व्यायामशाळेनं पहिली मोठी ऑर्डर दिली. मग ओट्यावरून शेडमध्ये, शेडमधून फॅक्टरीत. माझ्यासारखे रुईवाले मात्र बसले. लोक आता फोमच घेतात. मी दुकान बंद केलं तेव्हा तिला वाईट वाटलं, मला नाही वाटलं. कंबर गेली होती.

तिला ठिकठिकाणी भाषणाला बोलावतात. मला पहिल्या रांगेत बसवतात. भाषण तेच असतं. "माझं पाऊल चुकलं. माझ्या घाईनं माझा खेळ संपला. म्हणून मी ठरवलं, लेकरं चुकली तरी त्यांना सांभाळून घेईल अशी गादी बनवायची." लोक टाळ्या वाजवतात. मी माझ्या चपलांकडं पाहतो. बायको बाजूला बसून माझ्याकडं पाहायची. दर वेळी. शपथेला बावीस वर्षं होत आली होती.

ती होती तोवर हे दोघांत होतं. अर्धं तिच्याकडं, अर्धं माझ्याकडं. ती गेली आणि सगळं माझ्या एकट्याच्या अंगावर आलं. घरात बोलायला कोणी नाही, आणि जे बोलायचं ते हेच.

तर पोरगी आली. अंगणात सतरंजी टाकून खोळ पसरली. रुई मी बाजारातून ओळखीच्या जिनिंगवाल्याकडून आणली होती. झोडली मी थोडी, थोडी तिनं. काठ शिवून झाला. ती समोर बसली, एक पाय लांब करून. तिला मांडी घालता येत नाही. दाभणात दोरा तिनं ओवून दिला. मी वरून टोचायचो, ती खालून ओढून वर द्यायची. दोन रांगा झाल्या. मी मधात आलो.

मधात मी अर्ध्या वितीवर टाके घ्यायला लागलो.

"बाबा, मधात येवढे टाके कायले? हे काय मेलेल्या मानसाले टोचते?"

मी दाभण तिथंच टोचून ठेवलं. मी ठरवून बसलो नव्हतो. दमलो होतो. पाठ दुखत होती आणि तोंडातून निघालं.

"तुह्या त्या गादीले मधात टाके नव्हते."

"कोन्त्या?"

"शाळेतल्या. म्या घालू नाई देल्ले. गाठी तुह्या पायाले लागतील म्हून. रुई काठाले सरकली. तू पडली तिथं मधात काईच नव्हतं."

तिचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"कोनं पाह्यलं?"

"तुह्या मायनं. त्याच दिवशी. उशीच्या निळ्या दोऱ्यानं मधात टाके बी घातले तिनं."

"आईले मालूम होतं?"

"होतं."

मला वाटलं, आता ती मला बोलेल. बोलू दे, त्यासाठीच सांगितलं. पण ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळू, जशी उठते तशी. म्हणाली,

"वर्षभर माह्या पायाले तेल चोळलं तिनं. रोज मी म्हनो, माह्यंच चुकलं. रोज. आन् तिनं मले म्हनू देल्लं?"

"अवं, ऐक तं..."

"तुमचं समजू शकते मी, बाबा. तुमी भेकड हा, मले मालूमच हाय. पन आई?"

आणि गाडीत बसून निघून गेली. गादी तिथंच, मधात दाभण उभं.

दोन दिवस तिचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. मी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोसमोर बसून राहायचो. जिवंत असताना तिच्या तोंडाला कुलूप लावलं, आणि मेल्यावर पोरीचा राग तिच्यावर ढकलून मोकळा झालो. मला भेकड म्हणून पोरीनं माफ केल्यासारखंच केलं होतं. मायला केलं नव्हतं. माझं काय, मी तसाच गप राहिलो असतो तर हा उन्हाळाही निघून गेला असता. पण वर्षश्राद्धाला पोरगी मायच्या फोटोला हात जोडणार नाही, हे मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी ऑटो करून फॅक्टरीत गेलो. न बोलावता तिथं मी कधी गेलो नव्हतो. ती शेडमध्ये नव्या गादीवर गुडघे टेकून बसली होती, मुठीनं जागोजागी दाबून पाहत होती. आजूबाजूला बाया शिवत होत्या.

"बाबा, आता नको."

"आताच. तुह्या मायनं लपवलं नाई. म्या लपवलं. ते म्हने, सांगा पोरीले. म्या तिले तुही शपथ घातली."

मशीनचे आवाज चालूच होते. तिनं मूठ तशीच दाबून धरली.

"माही शपथ?"

"तुही. म्हून ते तेल चोळे आन् गप राहे. तुले काई झालं असतं म्हून."

"आन् तुमी कधी सोडली?"

हे मला नको होतं. पण आलो होतो त्यासाठीच.

"दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मांगली तिनं. म्हने, आता तरी सुटली म्हना, मी सांगून जाते. म्या म्हनलं, बरी होऊन घरी चाल, मंग म्हनतो."

"मंग?"

"मंग काय. घरी आली का ते?"

पोरीनं गादीवरची मूठ उचलली. एका बाईनं येऊन काही विचारलं, तिनं बोटानं दाखवलं, बाई गेली. मग म्हणाली, "ऑटो थांबला हाय का?"

"थांबला."

"मंग जा तुमी."

मी आलो.

वर्षश्राद्धाच्या दिवशी भटजी दहाला येणार होते. मी सातला उठून गादीजवळ बसलो. दोरा ओवायला अर्धा तास लावला, ओवला गेला नाही. गाडीचा आवाज आला. पोरगी आत गेली, मायच्या शिलाईच्या डब्यात खुडबूड केली आणि बाहेर येऊन समोर बसली, पाय लांब करून. हातात निळ्या दोऱ्याचं रीळ होतं.

"तो उशीचा हाय," मी म्हटलं, "दाभणाले बारीक पडते."

"दुपदरी घेते."

तिनं ओवला. मी वरून टोचायचो, ती खालून ओढायची. अर्ध्या वितीवर, तीन रांगा. शेवटच्या टाक्याला तिनं दोरा ओढून धरला, गाठ मारू दिली नाही.

"म्हना."

"काय?"

"मालूम हाय तुमाले काय ते."

वर्षापूर्वी तो शब्द फुकट देता येत होता. एकदा खाकरलो, दुसऱ्यांदा म्हणालो.

"सुटली."

तिनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला, मायसारखा. मग फोटोजवळ गेली. पाठमोरी होती, काय केलं मला दिसलं नाही. बराच वेळ उभी होती.

मला तिनं माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलं नाही. आता ती रविवारी येते, डबा ठेवते, औषधं पाहते, दोन शब्द बोलते आणि जाते. पहिल्यासारखं नाही. पहिल्यासारखं व्हावं असं मी काही केलेलं नाही. भाषणात आता काय सांगते तेही मला माहीत नाही, मला बोलावत नाही. त्या चपला पाहायच्या तरी वाचल्या.

त्या दिवशी श्राद्ध झालं, जेवणं झाली. भटजींनी गल्लीतल्या एका पोराला ऑटो आणायला लावला. खाट वर बांधली. ऑटोवाल्यानं गादी उचलली आणि मागच्या सीटवर कोंबायला मधूनच दुमडायला लागला.

"मधात घडी नको!"

मी ओरडलो. पण माझा एकट्याचा आवाज नव्हता. पोरगीही ओट्यावरून तेच ओरडली होती, त्याच वेळी. ऑटोवाला घाबरून थांबला. पोरगी पायऱ्या उतरली, एक-एक, कठड्याला धरून. तिनं त्याच्या हातातून गादी घेतली, जमिनीवर टाकली आणि एका टोकापासून गुंडाळायला लागली. दुसरं टोक हलत होतं. मी जाऊन ते धरलं.